आजार व्हेपचा, दोष तेलाचा: २०१९ च्या अमेरिकी साथीचा प्रकरण अभ्यास

१० जुलै २०१९ रोजी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या आरोग्य खात्याकडे पाच किशोरवयीन रुग्णांची माहिती आली. मिलवॉकीच्या बालरुग्णालयातल्या डॉक्टरांना काळजी वाटत होती ती वेगळ्याच कारणाने. मुलं आधी ठणठणीत होती, दमा नाही, हृदयाचा त्रास नाही, आणि आता त्यांची फुफ्फुसं इतकी खराब झाली होती की ऑक्सिजनवर भागत नव्हतं. न्यूमोनिया म्हणावा तर जंतू सापडत नव्हता आणि अँटिबायोटिकला दाद मिळत नव्हती. पाचही जणांत समान गोष्ट एकच होती: आजारी पडण्याआधी सगळे व्हेप, म्हणजे द्रव तापवून त्याची वाफ ओढायची ई-सिगारेट, ओढत होते.

पुढच्या सात महिन्यांत हा आकडा २,८०७ वर गेला. १८ फेब्रुवारी २०२० पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत रुग्ण सापडले आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. या आजाराला ‘इव्हाली’ हे नाव पडलं. ई-सिगारेटचा वापरणाऱ्यांवर काय परिणाम होतो, या प्रश्नावर झालेल्या सगळ्या संशोधनात हे एक प्रकरण मला सर्वात शिकण्यासारखं वाटतं, कारण यात आजार व्हेप ओढणाऱ्यांचाच होता, तरी कारण शोधताना ‘व्हेप’ या शब्दाने जवळजवळ सगळ्यांना चुकीच्या दारात नेऊन उभं केलं.

रुग्ण कसे यायचे

विस्कॉन्सिन आणि शेजारच्या इलिनॉयमधल्या पहिल्या ५३ रुग्णांचा अहवाल ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने ६ सप्टेंबरला प्रसिद्ध केला. निम्मे रुग्ण १९ वर्षांचे किंवा त्याहून लहान, दहातले आठ पुरुष. ९८ टक्क्यांना धाप, खोकला, छातीत दुखणं, हे अपेक्षितच. पण ८१ टक्क्यांना मळमळ, उलट्या, जुलाबही होते, आणि इथेच फसगत व्हायची. ताप आणि उलट्या घेऊन आलेल्या तरुणाला डॉक्टर पोटाचं औषध देऊन घरी पाठवणार, त्यात गैर काही नाही. फुफ्फुसाकडे लक्ष जायचं ते दोन-तीन दिवसांनी, धाप वाढल्यावर. ५३ पैकी ९४ टक्के रुग्ण भरती झाले आणि जवळजवळ प्रत्येक तिसऱ्याला नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. एक दगावला.

सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुफ्फुसांत धुरकट काचेसारखा पांढुरकेपणा दिसायचा, ज्याला रेडिऑलॉजिस्ट ‘ग्राउंड ग्लास’ म्हणतात. तो अनेक आजारांत दिसतो. म्हणून निदान वगळत वगळतच करावं लागे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, व्याख्या ठरवली ती अशी: लक्षणं सुरू होण्याआधीच्या ९० दिवसांत व्हेप ओढलेलं असावं, एक्स-रे किंवा सीटीत सावल्या असाव्यात, संसर्गाच्या चाचण्या नकारार्थी असाव्यात, आणि दुसरं पटण्याजोगं कारण नसावं.

या व्याख्येत एक गोम आहे. ‘व्हेप ओढलेलं असावं’ ही अटच असेल, तर गोळा होणारे शंभर टक्के रुग्ण व्हेप ओढणारेच निघणार. मग त्या आकड्यावरून ‘व्हेपमुळे आजार होतो’ असं सिद्ध होत नाही, ते आधीच गृहीत धरलेलं असतं. साथ नुकतीच लागलेली असताना अशी व्याख्या करणं योग्यच, नाहीतर रुग्ण मोजणार कसे? पण नंतर वर्तमानपत्रांनी हा फरक पार पुसून टाकला.

इलिनॉयच्या आरोग्य खात्याने मात्र साधा प्रश्न विचारला: हे खरंच जास्त रुग्ण आहेत, की आपण आत्ता शोधतोय म्हणून दिसताहेत? त्यांनी आपत्कालीन विभागांच्या नोंदी काढल्या. २०१९ च्या जून ते ऑगस्टमध्ये गंभीर श्वसनविकारांसाठी येणाऱ्यांचं प्रमाण आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांच्या दुप्पट होतं. म्हणजे काहीतरी नवं घडत होतं. आणि ई-सिगारेट तर अमेरिकेत सुमारे बारा वर्षं बाजारात होती. उपकरण जुनं, आजार नवा. तेव्हा बदललं काय, हे शोधायला हवं होतं.

हिस्ट्री

व्हेपमध्ये निकोटिनचा द्रव भरता येतो, तसाच गांजाचा अर्कही. गांजातला नशा आणणारा घटक टीएचसी. तो तेलकट, मधासारखा दाट असतो आणि छोट्या तयार कार्ट्रिजमध्ये भरून विकला जातो. काही राज्यांत परवानाधारक दुकानांत, बाकीच्यांत रस्त्यावर. विस्कॉन्सिनमध्ये गांजा बेकायदा होता. इलिनॉयमध्ये प्रौढांना तो मोकळेपणी विकत घेता येणार होता १ जानेवारी २०२० पासून, साथीच्या काळात नव्हे.

आता कल्पना करा. सतरा वर्षांचा मुलगा खाटेवर, नाकाला ऑक्सिजन, उशाशी आईवडील. डॉक्टर विचारतात, ‘व्हेप ओढतोस का?’ तो ‘हो’ म्हणतो. आई एव्हाना तेवढं मान्य करून बसलेली असते. ‘त्यात काय घालून?’ यावर तो काय सांगणार? आपल्याकडे सोळा वर्षांच्या मुलीला पाळीबद्दल विचारताना अनुभवी डॉक्टर नातेवाइकांना ‘जरा बाहेर थांबता का’ म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. सुरुवातीच्या कित्येक नोंदींत नुसतं ‘ई-सिगारेट’ एवढंच लिहिलं गेलं.

मग आरोग्य खात्याच्या लोकांनी सविस्तर मुलाखती घेतल्या. दोन्ही राज्यांतल्या ८६ रुग्णांपैकी ७५ जणांनी, म्हणजे ८७ टक्क्यांनी, टीएचसी ओढल्याचं सांगितलं. त्यातही एक नाव पुनःपुन्हा येऊ लागलं: ‘डँक व्हेप्स’. ६६ टक्क्यांनी ते वापरलं होतं. गंमत अशी की ‘डँक व्हेप्स’ नावाची कुणी एक उत्पादक कंपनी असावी असं दिसत नव्हतं. छापील रिकामी खोकी आणि रिकाम्या कार्ट्रिज ऑनलाइन मिळत, आणि ज्याला हवं तो त्यात हवं ते भरून विकत असे. ब्रँड होता, मालक नव्हता.

इलिनॉयने इथे आणखी एक चांगलं काम केलं, आणि या प्रकरणातला माझ्या मते सर्वात दुर्लक्षित भाग हाच. त्यांनी तुलना गट उभा केला. व्हेप ओढणाऱ्या पण आजारी न पडलेल्या ४,६३१ प्रौढांची ऑनलाइन पाहणी करून तिची ६६ रुग्णांशी तुलना केली. माल मित्राकडून, दलालाकडून किंवा रस्त्यावरून घेतल्याची शक्यता रुग्णांमध्ये नऊ पटींहून जास्त निघाली, ‘डँक व्हेप्स’ वापरल्याची साडेआठ पट. ऑनलाइन पाहणीत स्वतःहून भाग घेणारे लोक सगळ्यांचे प्रतिनिधी नसतात, हे खरं. पण नऊ पट फरक केवळ त्याने उडून जात नाही. व्याख्येतली जी गोम वर सांगितली, तिच्यावर उतारा हाच होता: आजारी व्हेपवाले आणि निरोगी व्हेपवाले शेजारी ठेवून पाहणं.

बुडबुडा

आता वस्तूकडे वळू. टीएचसीचं तेल महाग. काळ्या बाजारात ते पातळ करून विकण्याचा मोह पहिल्यापासून होता. पण गिऱ्हाइकंही हुशार. ती कार्ट्रिज उलटी करून आतला हवेचा बुडबुडा किती सावकाश वर सरकतो ते बघत. सावकाश सरकला की माल दाट, म्हणजे अस्सल. भरभर पळाला की पाणी मारलेलं. दुधाला लॅक्टोमीटर लावण्यातलाच हा प्रकार, आणि त्यावर तोडही तशीच निघाली. दुधात पाणी घालून घनता घसरली की भेसळ करणारा साखर नाहीतर युरिया मिसळतो. इथे विक्रेत्यांना व्हिटॅमिन ई अॅसिटेट सापडलं. रंगाला फिकट सोनेरी, वास नाही, दाटपणा जवळजवळ टीएचसीच्या तेलासारखाच. कितीही मिसळा, बुडबुडा हलत नाही.

व्हिटॅमिन ई अॅसिटेट म्हणजे काही विष नव्हे. केमिस्टकडे मिळणारी ती हिरवी मऊ कॅप्सूल, जी लोक गिळतातही आणि फोडून चेहऱ्याला लावतातही, तिच्यात तेच असतं. क्रीममध्ये असतं. पोटात गेलेलं पचतं, त्वचेवर लावलेलं तिथेच राहतं. ते तापवून फुफ्फुसात ओढलं तर काय होतं, याचा अभ्यास तोवर झालेला नव्हता, कारण असं कुणी करील असं कुणाला वाटलं नव्हतं.

न्यूयॉर्क राज्याच्या वॉड्सवर्थ प्रयोगशाळेला रुग्णांकडून आलेल्या गांजाच्या कार्ट्रिजमध्ये हा पदार्थ मोठ्या प्रमाणात सापडला आणि सप्टेंबर २०१९ च्या पहिल्याच आठवड्यात तसं जाहीर झालं. मिनेसोटाने तर फार सुरेख पुरावा दिला. तिथल्या पोलिसांच्या गोदामात जप्तीचा जुना माल होता. २०१८ मध्ये जप्त केलेल्या दहा नमुन्यांपैकी एकातही व्हिटॅमिन ई अॅसिटेट नव्हतं. सप्टेंबर २०१९ मध्ये जप्त केलेल्या मालातले वीस तपासले, वीसच्या वीसमध्ये होतं. ‘बदललं काय’ या प्रश्नाचं उत्तर पोलिसांच्या कपाटात पडून होतं.

फुफ्फुस धुऊन काढलेलं पाणी

पण वस्तूत सापडणं वेगळं आणि रुग्णाच्या फुफ्फुसात सापडणं वेगळं. त्यासाठी ब्राँकोस्कोपी. दुर्बीण श्वासनलिकेतून फुफ्फुसाच्या एका भागापर्यंत नेतात, सलाइन सोडतात आणि तेच परत ओढून घेतात. त्या पाण्यात वायुकोशांच्या आतल्या अस्तरावर जे काही असेल ते उतरतं.

तोवर तज्ज्ञांत एक वाद रंगला होता. युटामधल्या डॉक्टरांना या पाण्यातल्या पेशींत चरबीचे थेंब दिसले होते, त्यामुळे तेल फुफ्फुसात जाऊन होणारा जुना, ओळखीचा ‘लिपॉइड न्यूमोनिया’ असावा असं अनेकांना वाटलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला १७ रुग्णांच्या बायॉप्सींचा अहवाल आला, त्यात लिपॉइड न्यूमोनियाचं चित्र एकाही रुग्णात नव्हतं. दिसत होती ती रसायनाने पोळल्यासारखी इजा, वायूगळतीत सापडलेल्या माणसाच्या फुफ्फुसासारखी. म्हणजे तेल नुसतं साठून त्रास देत नव्हतं, काहीतरी जाळत होतं.

८ नोव्हेंबरला सीडीसीने दहा राज्यांतल्या २९ रुग्णांच्या नमुन्यांचा निकाल दिला. व्हिटॅमिन ई अॅसिटेट २९ पैकी २९ मध्ये. टीएचसी तपासलेल्या २८ पैकी २३ जणांत, आणि त्यातले तिघे असे, ज्यांनी मुलाखतीत गांजा ओढलाच नाही असं सांगितलं होतं. हिस्ट्रीबद्दल वर जे म्हटलं त्याचा हा प्रयोगशाळेतला पुरावा. रुग्ण बोलला नाही, फुफ्फुस बोललं.

२९ पैकी २९ ऐकून टाळ्या वाजवण्याआधी एक प्रश्न उरतोच: निरोगी माणसांच्या फुफ्फुसातही हेच सापडत असेल तर? डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाने तोही निकालात काढला. सोळा राज्यांतले ५१ रुग्ण आणि धूम्रपानाच्या आधीपासून चालू असलेल्या एका अभ्यासातले ९९ निरोगी लोक: कधीच न ओढणारे, सिगारेट ओढणारे आणि फक्त निकोटिनचं व्हेप ओढणारेही. रुग्णांपैकी ४८ जणांत व्हिटॅमिन ई अॅसिटेट. ९९ निरोगींपैकी एकातही नाही. इतर संशयित पदार्थांपैकी खोबरेल तेल एका रुग्णात, लिमोनिन (लिंबाच्या सालीतलं सुगंधी रसायन) एका रुग्णात. बाकी यादी कोरी.

इजा नेमकी कशी होते याची दोन स्पष्टीकरणं पुढे आली. वायुकोशांच्या आत सर्फॅक्टंटचा पातळ थर असतो, त्यामुळे श्वास सोडल्यावर ते मिटून चिकटत नाहीत. व्हिटॅमिन ई अॅसिटेटच्या रेणूची लांब शेपटी त्या थरात घुसून त्याचा ताठपणा घालवत असावी. दुसरं म्हणजे ते तापवल्यावर कीटीन नावाचा अत्यंत जहाल वायू तयार होऊ शकतो, आणि बायॉप्सीत दिसलेल्या पोळण्याशी ते जुळतं. २०२० मध्ये उंदरांना या पदार्थाची वाफ देऊन केलेल्या प्रयोगात त्यांच्याही फुफ्फुसांना तशीच इजा झाली.

जे पूर्ण जुळलं नाही

माहिती उपलब्ध असलेल्या रुग्णांपैकी १४ टक्क्यांनी फक्त निकोटिनच ओढल्याचं सांगितलं होतं. काहींनी गांजा लपवला असणार, हे त्या तिघांवरून दिसतंच. सगळ्यांनी लपवला असं मात्र कुणी म्हणू शकत नाही. ५१ पैकी तिघांत व्हिटॅमिन ई अॅसिटेट नव्हतं, तेही आहेच. म्हणून सीडीसीची भाषा शेवटपर्यंत ‘घट्ट संबंध’ अशीच राहिली, ‘एकमेव कारण’ अशी कधी झाली नाही. मला ती भाषा योग्य वाटते, आणि ती कंटाळवाणी आहे म्हणून बातम्यांत आली नाही हेही समजतं.

उपचारांचंही तसंच. बहुतेकांना स्टिरॉइड दिलं गेलं, बऱ्याच जणांना लवकर आराम पडला, पण दोन गट करून रीतसर चाचणी घ्यायला सवड नव्हती. घरी सोडल्यानंतर पुन्हा भरती होणारे थोडे होते, तीन टक्क्यांहून कमी. मात्र जे दगावले त्यांतले काही घरी गेल्यावर तीन-चार दिवसांतच दगावले, आणि त्यावरून सीडीसीने सूचना दिली की डिस्चार्जनंतर ४८ तासांत रुग्णाला परत बघा.

नावाची किंमत

साथ सप्टेंबर २०१९ मध्ये शिगेला पोचली आणि त्याच महिन्यात निर्णयांची झुंबड उडाली. २४ सप्टेंबरला मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांनी सगळ्या व्हेपच्या विक्रीवर चार महिन्यांची बंदी घातली, परवान्याच्या निकोटिनसकट. सीडीसीने सुरुवातीला ई-सिगारेटच टाळा असा सल्ला दिला होता. जानेवारी २०२० मध्ये तो बदलून रोख टीएचसीवर, त्यातही रस्त्यावरच्या मालावर आणला. मधल्या चार महिन्यांत लोकांच्या डोक्यात जे बसायचं ते बसलं होतं.

आपल्याकडे केंद्र सरकारचा अध्यादेश आला तो १८ सप्टेंबर २०१९ रोजी, याच गदारोळात. पण तो या साथीतून जन्मला असं म्हणणं चूक ठरेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मे महिन्यातच, मिलवॉकीच्या काही आठवडे आधी, संपूर्ण बंदीची शिफारस केली होती आणि तिचा भर निकोटिनच्या व्यसनावर व कोवळ्या मुलांवर होता. डिसेंबरमध्ये कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक, जाहिरात सगळं बंद. उत्पादन-विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसतं ओढण्याला शिक्षा नाही.

कायद्याच्या बाजूने बोलायला पुष्कळ जागा आहे. पण इव्हालीचा दाखला देऊन त्याचं समर्थन केलं जातं तेव्हा गफलत होते. इव्हालीच्या मुळाशी होता तो कुणीही न तपासलेला, मालक नसलेला, चोरटा माल. मुंबई-पुण्यात आज जे व्हेप मिळतं ते सगळं बंदीमुळे आपोआप त्याच जातीचं आहे: आयात चोरटी, आत काय आहे ते ना राज्याचं अन्न व औषध प्रशासन तपासतं ना दुकानदाराला माहीत. त्याच दुकानात तंबाखूची पुडी मात्र रीतसर चित्र छापून मिळते. २०१६-१७ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रात २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू खातात. हे प्रमाण बघता मिलवॉकीची भीती इथे दाखवणं जरा विचित्रच.

याउलट ब्रिटन. तिथे निकोटिनच्या द्रवात जीवनसत्त्वं घालायला कायद्यानेच मनाई होती, मोठ्या संख्येने लोक व्हेप ओढत होते, आणि अशी साथ आली नाही. २०१९ च्याच फेब्रुवारीत तिथल्या ८८६ सिगारेट ओढणाऱ्यांवरची चाचणी प्रसिद्ध झाली होती. वर्षभराने ई-सिगारेट दिलेल्या गटात १८ टक्के लोक सिगारेटमुक्त होते, निकोटिनचे पॅच-गोळ्या दिलेल्या गटात ९.९ टक्के. मात्र सुटलेल्यांपैकी पहिल्या गटातले ८० टक्के वर्षानंतरही व्हेप ओढतच होते, दुसऱ्या गटात पॅच-गोळ्या चालू असणारे ९ टक्के. व्यसन सुटलं की फक्त सिगारेट सुटली, यावर वाद घालायला ते आकडे पुरेसे आहेत. वर्षानुवर्षं निकोटिनची वाफ ओढून फुफ्फुसाचं काय होतं, हा तर वेगळाच प्रश्न आणि इव्हालीने त्याचं उत्तर दिलेलं नाही, ना बरं ना वाईट.

शेजारचा कोड

सीडीसीने देशभरातून रुग्ण मोजणं फेब्रुवारी २०२० मध्ये थांबवलं. व्हेपमुळे होणाऱ्या विकारासाठी आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत यू ०७.० हा कोड दिला गेला होता. पुढचाच कोड, यू ०७.१, मिळाला कोव्हिडला. अमेरिकेत दोन्ही कोड लागू झाले एकाच दिवशी, १ एप्रिल २०२० रोजी. ताप, खोकला, धाप, उलट्या-जुलाब, दोन्ही फुफ्फुसांत धुरकट काच: लक्षणांच्या यादीवरून दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. त्याच एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियात इव्हालीचे आठ रुग्ण भरती झाले, कोव्हिडची साथ चालू असताना. कोव्हिडची चाचणी नकारार्थी आल्यावर ‘चाचणी चुकली असेल’ म्हणून थांबायचं, की नातेवाइकांना बाहेर पाठवून तरुणाला तीन प्रश्न विचारायचे, एवढाच फरक होता: व्हेप ओढतोस का, त्यात काय घालून, आणि माल कुठून आणला.